चौथ्या प्रश्नाचे गुण

ऑकलंड,
रविवार, १९ फेब्रुवारी २०१७

ती. सुनीताताईस,
रमणचा शिरसाष्टांग नमस्कार.

ऋग्वेदा सुखरूप पोचली, हे तिने तुला फोनवर सांगितलंच असेल. त्यातलं तुला किती ऐकू आलं, देव जाणे. कानाचं यंत्र कपाटात ठेवून फोन कानाला लावणारी अख्ख्या कराडात तू एकटीच असशील. म्हणून हे पत्र. आलेल्या पत्राला आठ दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे हा नानांचा नियम तू अजून पाळतेस आणि मी तो मोडत आलोय, तर या वेळी आपणहून आधी लिहितो.

पोरगी रुळली. मामीचं आणि भाचीचं तर पहिल्या दिवसापासूनच गूळपीठ जमलंय. निशिगंधाची हॉस्पिटलच्या औषधविभागात सकाळची पाळी असते, ती घरी आली की दोघी चहा घेऊन मागच्या पायरीवर बसतात आणि मला आत बोलावत नाहीत. आमची श्रिया तुला माहीत आहेच, सगळं मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीतून. ऋग्वेदाने तिला तीन दिवसांत ‘काय गं ए’ म्हणायला शिकवलं. मला आठ वर्षांत जमलं नव्हतं.

कॉलेज म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर दगडी इमारत आणि पुढे वडाचं झाड आलं असेल. तसं काही नाही. ईस्ट टामाकी हा इथला कारखान्यांचा आणि गोदामांचा भाग. खाली नळ आणि बेसिनचं गोदाम, वर आमचे सहा वर्ग. मी शिकवत असताना खालून फोर्कलिफ्टची पीं पीं चालू असते. पण कोर्स कामाचा आहे. बांधकाम व्यवस्थापनाचा एक वर्षाचा डिप्लोमा: मोजमापं, करार, सुरक्षितता, साइटचं नियोजन असे आठ पेपर. पास झाली की वर्षभर कुठेही नोकरी करायचा व्हिसा मिळतो, आणि या शहरात सध्या जिकडे बघावं तिकडे क्रेन उभ्या आहेत. तुमच्या त्या कंत्राटदाराने दोन वर्षं तिच्याकडून ऑफिसात बसवून बिलं टाइप करून घेतली, ‘मुलीची जात, साइटवर कशाला’ म्हणून. इथे बायका पिवळं हेल्मेट घालून वीस-वीस माणसांना कामाला लावतात. तिला तेच हवंय. होईल.

एक गोष्ट मात्र विमानतळावरून घरी येतानाच तिला सांगितली. कॉलेजात मी मामा नाही. तिथे सगळेच शिक्षकांना नावाने हाक मारतात, तिनेही ‘रमण’ म्हणायचं. सकाळी येते माझ्याच गाडीतून, पण अलीकडच्या कोपऱ्यावर डेअरीपाशी उतरते आणि पुढे चालत जाते. डेअरी म्हणजे दूधकेंद्र नव्हे, इथे कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानालाच डेअरी म्हणतात. कॉलेजातली गोष्ट घरी काढायची नाही, हा दुसरा नियम. तिचे पेपर मीच तपासणार, तेव्हा भाची म्हणून दोन गुण जास्त पडले असं कोणी म्हणता कामा नये. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे आपल्या घरात कधी चाललं नाही. आपल्याकडे बाब्यालाच जास्त मार बसायचा. आठवीत नाना आमच्याच वर्गाला गणित शिकवायचे आणि त्यांनीच मला नापास केलं ते तुला आठवतंय ना? अख्ख्या गावाने ती गोष्ट वर्षभर कौतुकाने सांगितली होती.

निशिगंधाचं म्हणणं, एवढी लपवाछपवी करण्यापेक्षा ऑफिसात सांगून टाक, तिचे पेपर दुसरं कोणी तपासेल. दुसरं कोण? ग्रँट म्हणून आमचे डायरेक्टर आहेत, भला माणूस, पण त्याला पूल आणि मोरी यांतला फरक सांगावा लागतो.

भाऊजी गेल्यावर तू एकटीने तिला इथवर आणलंस. आता पुढचं माझ्यावर सोड आणि निवांत राहा. यंत्र लाव.

तुझा,
रमण


ऑकलंड,
रविवार, १० डिसेंबर २०१७

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र हातात पडेल तेव्हा ऋग्वेदाला घरी येऊन आठ-दहा दिवस झाले असतील. तिने तुला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. इथे तिने फारसं काही सांगितलं नाही.

इकडे उन्हाळा सुरू झाला. पोहुतुकावा नावाचं झाड असतं, ते नाताळच्या सुमारास लालभडक फुलतं; आमच्या गल्लीत दोन आहेत. श्रियाची शाळा संपत आली. निशिगंधाच्या पाठीचं दुखणं तसंच.

मुद्द्यावर येतो. मोजमापाच्या पेपरात तिला सेहेचाळीस पडले. पास व्हायला पन्नास लागतात. बाकीचे सातही पेपर सुटले, पण डिप्लोमा आठांचा मिळून असतो. एक राहिला की डिप्लोमा राहिला, आणि डिप्लोमा नाही तर नोकरीचा व्हिसा नाही. पुन्हा परीक्षा देता येत नाही का, असं तू विचारशील. येते, पण त्याला शिक्षकाची शिफारस लागते, आणि यंदा कोणाचीच शिफारस करायची नाही असं कॉलेजचं धोरण ठरलं. त्यात मी एकटा काय करणार.

तिला येत नव्हतं असं माझं म्हणणं नाही. पद्धतीचा प्रश्न होता. इथे सगळं ठराविक तक्त्यात मांडून दाखवावं लागतं, ती आपल्या तिकडच्या रीतीने सोडवून मोकळी झाली. नियम सगळ्यांना सारखा. तुला राग आला असेल तर मी समजू शकतो, पण माझ्या जागी नाना असते तर त्यांनीही हेच केलं असतं. नानांनी स्वतःच्या मुलाला सोडलं नाही. आपण त्यांचीच मुलं ना? वेलिंग्टनहून एक परीक्षक बाई आमची तपासणी बघायला आल्या होत्या, त्यांना नातं कळल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला. ‘हे तुम्हाला फार अवघड गेलं असेल’, म्हणाल्या. परक्या बाईला कळतं ते आपल्या माणसांनाही कळेल अशी आशा आहे.

विमानतळावर ऋग्वेदा वाकून पाया पडली. निशिगंधा रडली. मला गाडीकडे जायची घाई होती, पार्किंगची वेळ संपत आली होती.

तिला म्हणावं, एवढ्याने काही आयुष्य संपत नाही. वर्षभर तिथेच काहीतरी बघ. एखादं चांगलं स्थळ आलं तर तेही बघायला हरकत नाही, वय तर झालंच आहे. इथला अनुभव कुठे वाया जात नाही.

सांगायचं राहिलं, मला फेब्रुवारीपासून विभागप्रमुख केलंय. दारावर नावाची पाटी वगैरे. फार काही नाही, पण नानांना बरं वाटलं असतं.

उत्तर लिही.

तुझा,
रमण


ऑकलंड,
रविवार, १३ ऑक्टोबर २०१९

ताई,

पेपर कोरा नव्हता.

तुझं पोस्टकार्ड मला २०१८ च्या जानेवारीत मिळालं होतं. ना मायना, ना आशीर्वाद. ‘नानांनी तुला नापास केलं तेव्हा तुझा पेपर कोरा होता. ऋग्वेदाचा पेपर कोरा होता का, एवढंच कळव.’ ते कार्ड मी टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या पासपोर्टांच्या खाली ठेवलं. आठ दिवसांत द्यायचं उत्तर एकवीस महिन्यांनी देतोय.

आज का, तर त्याला कारण गांजा. मी शुद्धीवर आहे, घाबरू नकोस.

गेल्या वर्षी व्हिसाचे नियम बदलले आणि बाहेरची मुलं यायची बंद झाल्यात जमा आहेत. सव्वीसच्या वर्गात नऊ डोकी उरली. ऑगस्टमध्ये ग्रँटने मला बोलावून घेतलं. म्हणाला, ‘‘रमण, पुढच्या वर्षी देशात गांजावर मतदान आहे.’’ मी म्हटलं, वाचलंय. ‘‘कायदा झाला तर दुकानं निघतील. दुकानं निघाली तर ती चालवायला शिकलेली माणसं लागतील. आपण आधीच कोर्स काढून बसायचं. दहा आठवड्यांचा. डिस्पेन्सरी ऑपरेशन्स. आणि लिहायचा तू.’’ मी म्हटलं, अहो, मी सिव्हिल इंजिनिअर आहे. ‘‘साइटवरचं स्टोअर शिकवतोस ना? माल आला, माल गेला, रजिस्टर. स्टॉक इज स्टॉक, मेट. स्वीट ॲज!’’ म्हणजे इथल्या बोलीत झकास. आणि वर ताकीद दिली, की गांजा म्हणायचं नाही, प्रॉडक्ट म्हणायचं.

ज्या नानांनी जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही त्यांचा मुलगा गांजाचं दुकान कसं चालवावं याचं पाठ्यपुस्तक लिहायला बसला. मी नाही म्हणालो नाही. ग्रँटला मी कधीच नाही म्हणालेलो नाही. जिन्यात आता मोठं पोस्टर लागलंय, त्याच्या एका बाजूला पिवळं हेल्मेट आणि दुसऱ्या बाजूला ते पाच बोटांचं पान. खालच्या गोदामातली पोरं येता-जाता फोटो काढतात.

तिसरा धडा होता नोंदींचा. असल्या मालाचं रजिस्टर कसं ठेवतात ते मला काय माहीत? निशिगंधा हॉस्पिटलात मॉर्फीनचं रजिस्टर सांभाळते, म्हणून मागच्या रविवारी तिला विचारलं. ती कणीक मळत होती.

‘‘आकडा चुकला तर काय करता?’’

‘‘चुकला तर चुकला. तो खोडायचा नाही, पांढरं लावायचं नाही, पान फाडायचं नाही. आधीचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला खरा आकडा लिहायचा, सही करायची, तारीख घालायची.’’

‘‘आणि कोणी पांढरं लावलंच तर?’’

‘‘तर त्याने त्यातलं काहीतरी पळवलंय असं धरून चौकशी होते’’, ती म्हणाली. मग हात थांबवून माझ्याकडे बघत म्हणाली, ‘‘का रे?’’

काही नाही, धड्यासाठी विचारलं, म्हटलं. तिने सांगितलेलं सगळं मी इंग्रजीत नीट मुद्दे पाडून उतरवलं. खाली लेखक म्हणून माझं नाव घातलं. आणि मग ते पान मला पुढे उलटवेना.

आता नीट वाच, ताई. चष्मा लावून वाच.

२०१७ च्या नोव्हेंबरात कॉलेजांवर देखरेख करणाऱ्या वरच्या संस्थेकडून पत्र आलं, की परीक्षक येऊन आमचं पेपर तपासणं तपासणार. कारण उघड होतं. दोन वर्षांत आमच्याकडे कोणी नापासच झालं नव्हतं. सगळे पास होत, कारण पास होणारी मुलं पुढच्या मुलांना बोलावतात. ग्रँट म्हणाला, ‘‘मला शुक्रवारपर्यंत तीन फेल हवेत. खरे वाटतील असे. नाहीतर कोर्स बंद, आणि कोर्स बंद म्हणजे तूही बंद.’’

दोन लगेच सापडले. ते दोघे सहा महिने किवीच्या बागेत फळं तोडत होते, परीक्षेपुरते उगवले होते. तिसरा कोण? मी यादी घेऊन बसलो. एकाचा बाप ग्रँटला दर दोन दिवसांनी फोन करायचा. एकाची बायको बाळंत झालेली, तिघांचेही व्हिसे त्याच्या निकालावर अडकलेले. एकाला पाठवणारा एजंट वर्षाला चाळीस मुलं द्यायचा. एकाने आधीच सांगून ठेवलं होतं, नापास केलंत तर वकील आणीन. नाव घ्यावं त्याच्या मागे रडणारं, ओरडणारं, भांडणारं कोणी ना कोणी उभं होतं. ऋग्वेदाच्या मागे फक्त मी होतो.

तिला एकाहत्तर पडले होते. सव्वीस जणांत ती दुसरी होती.

चौथा प्रश्न पंचवीस गुणांचा होता. उतारावरची आधारभिंत, दोन ठिकाणी वळणारी, तिला काँक्रीट किती लागेल. तिने सेंटर लाइनने, म्हणजे भिंतीच्या मध्यरेषेची लांबी धरून काढलं. ही पद्धत आमचं कॉलेज शिकवत नाही. ती मी शिकवली होती. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी सुट्टीत आलो होतो, तुझ्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर खडूने भिंती काढल्या होत्या, आणि पुसायला लागलं म्हणून तू आम्हा दोघांवर ओरडली होतीस. उत्तर दशांशापर्यंत बरोबर होतं. मी पंचवीसपैकी पंचवीस दिले होते. त्यावर पांढरं लावलं, वर शून्य घातलं आणि शेरा मारला, ‘ठरवून दिलेल्या तक्त्यात नाही’. त्या तक्त्याची सक्ती वर्षभरात मी कोणालाच केली नव्हती. एकाहत्तरातून पंचवीस गेले, सेहेचाळीस उरले.

ती माझी भाची आहे हे ग्रँटला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी आपणहून सांगितलं. तो खुर्चीतून उठलाच. परीक्षक बाई आल्या तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, या माणसाने सख्ख्या भाचीला नापास केलंय. शिक्षकाने वर्गातलं नातं कळवायचा एक फॉर्म असतो, तो आम्ही त्या दुपारी फेब्रुवारीची तारीख घालून भरला. बाईंनी अहवालात लिहिलं, तपासणी निःपक्षपाती आहे. दारावरची माझी पाटी त्या अहवालातून आली. मागच्या पत्रात मी तुला ज्याला धोरण आणि नियम म्हणालो ते हे एवढंच होतं. शिफारस नाकारली तीही मीच, कारण पुन्हा परीक्षा घेतली असती तर ती पास झाली असती आणि मग पहिला पेपर कोणीतरी उघडून बघितला असता.

नानांना यात ओढलं त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. नाना वर्गात सगळ्यांना सारखं मोजत, म्हणून मी नापास झालो. मी सगळ्यांना फुकट पास केलं आणि आपल्या घरच्या मुलीला तेवढं कापलं. याला कडक शिस्त म्हणत मी दोन वर्षं आरशात बघितलं.

निकाल लागला त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

‘‘मामा, चौथ्याचं उत्तर चुकलं का?’’

मी वर्तमानपत्र वाचत होतो. मान वर न करता म्हटलं, ‘‘कॉलेजातली गोष्ट घरी काढायची नाही, ठरलंय ना आपलं?’’

‘‘हो. सॉरी, मामा.’’

तिने ताटं घेतली, पाणी ठेवलं. आमटी-भात होता. मी दुसऱ्यांदा भात घेतला, हे मला इतकं स्पष्ट आठवतं की तो दिवस विसरायची सोय राहिली नाही. तिला तेव्हाच कळलं असणार. कुठल्या प्रश्नाला किती, हे ती परीक्षेहून येतानाच मोजून आली होती.

एवढ्यावरच थांबलं असतं तर भीतीपोटी केलं असं म्हणता आलं असतं. यंदा जुलैत तिचा ईमेल आला. घरच्या पत्त्यावर नाही, कॉलेजच्या. वर ‘डिअर रमण’, मी शिकवलं होतं तसंच. पुण्यातल्या एका बांधकाम कंपनीत साइट इंजिनिअरच्या जागेसाठी मुलाखत झाली आहे, निवड जवळजवळ नक्की आहे, गुणपत्रकाची अधिकृत प्रत हवी आहे. दीड वर्ष फरशांच्या दुकानात गिऱ्हाइकांना नमुने दाखवून झाल्यावर तिला साइट मिळत होती. गुणपत्रकातली चूक दुरुस्त करायचा अधिकार विभागप्रमुखाला असतो. उत्तरपत्रिका मागच्या खोलीत, खोक्यात पडलेल्या असतात, वीस पावलांवर. मी दहा मिनिटांत तिला सेहेचाळीसची प्रत पाठवून दिली. खाली ‘काइंड रिगार्ड्स’. या वेळी ग्रँटने सांगितलं नव्हतं. कोणीच काही सांगितलं नव्हतं.

ती जागा गेली, हे निशिगंधाकडून कळलं. दोघी अजून बोलतात. परदेशी जाऊन नापास होऊन आलेली मुलगी साइट काय सांभाळणार, असं कंपनीतलं कोणीतरी म्हणालं म्हणे.

परवा, शुक्रवारी, सगळे गेल्यावर मी खोकं उघडलं आणि तिची उत्तरपत्रिका काढून घरी आणली. नखाने पांढरं खरवडलं. खालचे पंचवीस जागेवर आहेत. त्या पानाचा फोटो सोबत ठेवलाय.

सोबत आणखी एक कागद आहे, इंग्रजीत, वरच्या संस्थेच्या नावे. कोणी सांगितलं, कोणी केलं, कसं केलं, फॉर्मवरच्या खोट्या तारखेसकट सगळं आहे. खाली माझी सही आहे. तारखेची जागा मोकळी सोडली आहे. तू ऋग्वेदाशी बोल, आणि तुम्हा दोघींना योग्य वाटेल तेव्हा तारीख घालून तो कागद पाठवा. पाठवू नये असं वाटलं तरी माझी काही तक्रार

इथवर लिहून चहा करायला उठलो होतो. परत येऊन वरचं वाचलं.

बघितलंस ना काय करत होतो? पुन्हा तेच. जी ओरडणार नाही तिच्याच अंगावर टाकायचं. तू कागद पाठवलास तर भावाची नोकरी घालवणारी तू, नाही पाठवलास तर लेकीवरचा डाग तसाच ठेवणारी तू, आणि मी सगळं कबूल करून मोकळा. पन्नाशी उलटली, ताई, आणि माझा हात अजून बरोबर गरीब गाईवरच पडतो.

तुझ्यासाठी ठेवलेला तो कागद पाकिटातून काढला. त्यावर आजची तारीख घातली. चार वाजून दहा मिनिटांनी त्याचा आणि उत्तरपत्रिकेचा फोटो संस्थेला पाठवला, ग्रँटला त्याच ईमेलमध्ये घातलं, म्हणजे उद्या सकाळी मला शहाणपण सुचायला जागा नको. मूळ कागद आणि मूळ उत्तरपत्रिका सकाळी रजिस्टर पोस्टाने जातील. ग्रँटचे तीन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. निशिगंधाला सगळं सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग आतून स्वतःची उशी घेतली आणि श्रियाच्या खोलीत नेऊन ठेवली.

याने ऋग्वेदाला काय मिळेल हे तू विचारणार नाहीस, तरी सांगतो. चौकशीला महिने लागतील. डिप्लोमाचा कागद मिळेल बहुतेक. ज्या व्हिसासाठी तो हवा होता त्याचे नियम आता वेगळे आहेत. पुण्याची जागा भरली गेली. दोन वर्षं तर तिची गेलीच. माझी नोकरी जाईल, गांजाचं पुस्तक दुसरं कोणी पुरं करील, आणि त्यात नोंदींचा धडा माझाच राहील, कारण तो चांगला लिहिला गेलाय.

ऋग्वेदाला मी लिहिलेलं नाही. पाच वेळा बसलो. प्रत्येक वेळी चौथ्या ओळीत मी माझीच बाजू मांडायला लागतो, म्हणून सोडून दिलं. तूच सांग तिला. पण ‘मामाने शेवटी कबूल केलं’ असं म्हणू नकोस. त्या वाक्यात मी बरा दिसतो. तिला जवळ बसव आणि ‘तू पास झाली होतीस’ एवढंच सांग.

तिला नापास करणारा,
रमण